मोजेवाल्याचं बेट आणि आमचा माळ

त्या बेटाचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसानं माझं काहीही वाकडं केलेलं नसताना मला त्याचा राग येतो. इतका, की नकाशात ते नाव दिसलं तरी मी पान उलटते.

झालं असं, की पुण्याहून निघणाऱ्या एका मुलांच्या कोशासाठी मी भूगोलाच्या नोंदी लिहून देत होते. मी अंबाजोगाईला एका शाळेत भूगोल शिकवते. कुणाच्या तरी ओळखीनं हे काम आलं आणि मी हुरळून हो म्हणाले. बघते तर नद्या, वारे, वाळवंटं असलं भरघोस सगळं मोठ्या लोकांनी आधीच उचललेलं. माझ्या वाट्याला उरलंसुरलं आलं: दोन सामुद्रधुन्या, एक थंड पडलेला ज्वालामुखी आणि दक्षिण ध्रुवाकडचं एक टीचभर निर्जन बेट. तीनशे शब्द. त्यात ‘नाव कसे पडले’ असा वेगळा परिच्छेद हवाच, अशी संपादकबाईंची अट.

नाव कसं पडलं ते सांगते. एक जहाज धुक्यातून चाललं होतं. कप्तानाला लांबवर काहीतरी काळं दिसलं. आधी त्याला वाटलं देवमासा आहे, मग वाटलं उलटलेलं जहाज आहे. धुकं जरा हललं तेव्हा कळलं, की खडक आहे, वर बर्फ आहे आणि जागोजाग पाखरांची घाण आहे. कप्तान काही तिथं उतरला नाही. साधी होडीसुद्धा पाण्यात सोडली नाही. दुर्बिणीतून पाहिलं, वहीत एक नाव लिहिलं आणि पुढं निघून गेला. नाव कुणाचं, तर निघताना खलाशांना लोकरीचे मोजे फुकट वाटणाऱ्या एका व्यापाऱ्याचं. पुढं बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या देशाचं जहाज आलं. त्यातली माणसं खरोखर बेटावर उतरली, एक जण घसरून पडला, आणि त्यांनी बेटाच्या आकारावरून त्याला वेगळं नाव दिलं. मग दोन्ही देशांच्या समित्या बसल्या. ढीगभर पत्रं झाली. शेवटी ठरलं, ज्यानं आधी पाहिलं त्यानं दिलेलं नाव खरं. मोजेवाला जिंकला, आणि तो बिचारा बहुतेक आपल्या दुकानाबाहेर कधी पडलाही नसेल.

एवढं लिहून पाठवलं. संपादकबाईंनी नोंद परत पाठवली. मोजे लोकरीचेच कशावरून? मी आधार दिला. पुन्हा परत. समितीचा निर्णय एकमताने झाला का? मी शोधून सांगितलं. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा माझं डोकं फिरलं. या वेळी शंका ‘निर्जन’ या शब्दावर होती. उन्हाळ्यात काही संशोधक त्या बेटावर तंबू ठोकून राहतात, मग ते निर्जन कसं, असं बाईंनी लाल शाईत विचारलं होतं. मी रागारागातच उत्तर लिहिलं: ते चार आठवडे येतात आणि घरी जातात. जिथं कुणाचं घर नाही, ते ठिकाण निर्जन.

बाईंचा फोन आला. “छान. मुलांना कळेल असं आहे,” म्हणाल्या. मी दिवसभर खूश होते.

त्याच आठवड्यात मला कळलं, की माझी माय राहते ती वस्ती सरकारी कागदावर निर्जन आहे.

आमची वस्ती धारूरच्या अलीकडं, घाटाच्या उतारावर. नऊ घरं. गावापासून थोडी लांब, का लांब ते सांगायला नको. तिचं कागदावरचं नाव म्हणजे आमची जात आणि पुढं ‘वस्ती’ हा शब्द. ते नाव आम्ही कधी घेत नव्हतो, ते आमच्याबद्दल घेतलं जायचं. मागं सरकारनं ठरवलं, की असली नावं बदलायची. जिल्ह्यात ठिकठिकाणी अर्ज झाले, पाट्या बदलल्या, फोटो छापून आले. आमच्याकडं कुणाला सवडच नव्हती. वस्तीतली सगळी जाणती माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात ती उन्हाळ्यातच परत येतात, आणि आली की आधी थकवा काढतात.

नाव बदलायचं मनावर घेतलं ते मायच्या पडण्यानंतर.

वस्तीच्या वरच्या अंगाला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. जुनं, किल्ल्याच्या काळचं म्हणतात. माझ्या आजोबांच्या वेळी आमच्या माणसांना त्याच्या पायऱ्या उतरायची बंदी होती. वरून कुणीतरी घागरीत पाणी ओतायचं तेव्हा घ्यायचं. आता गावात नळ आले, टाक्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. पण आमच्या बायका कारखान्यावरून परतल्या, की घरातला केर काढायच्या आधी त्या टाक्यातला गाळ काढतात. हे कुणी ठरवून दिलेलं नाही. बिऱ्हाड ट्रॅक्टरवरून उतरवून अंगणात तसंच टाकायचं आणि घमेली घेऊन वर जायचं. मायचा त्यातला मान पहिल्या घमेल्याचा.

त्या पावसाळ्याच्या शेवटी माय त्याच पायऱ्यांवरून घसरली. मनगट मोडलं आणि कपाळ फुटलं. रक्त थांबेना. माझ्या धाकट्या भावानं अॅम्ब्युलन्सला फोन लावला. ड्रायव्हरनं विचारलं, वस्ती कोणती? भाऊ म्हणाला, टाक्याचा माळ. आम्ही आपसांत तेच म्हणतो. ड्रायव्हरच्या यादीत असलं काही नव्हतं. यादीत होतं ते दुसरं नाव. भावानं ते हळू आवाजात सांगितलं. ड्रायव्हरला ऐकू येईना, तो म्हणाला, मोठ्यानं बोला. मग भावानं ते नाव तीनदा ओरडून सांगितलं, आख्ख्या वस्तीसमोर, मायच्या उशाशी उभं राहून. अॅम्ब्युलन्स आली. मायला टाके पडले, हात प्लास्टरमध्ये गेला, आणि मी तिला माझ्या घरी अंबाजोगाईला घेऊन आले.

दीड महिना ती माझ्याकडं होती. हात दुखतोय असं एकदाही म्हणाली नाही. एकदा मात्र ताटावर बसली असताना एकदम म्हणाली, “म्या मरंन, पर त्या नावानं गाडी बोलवनार न्हाई.”

हे मला चांगलंच लागलं, कारण ते नुसतं बोलणं नव्हतं. हिवाळ्यात माय त्या माळावर एकटी असते. नऊ घरांची माणसं उसावर, पोरं एक तर आईबापांबरोबर किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात. मागं राहते ती माय आणि तिची शेळी. परत पडली, ताप आला, जनावर चावलं, तर फोन तिलाच करायचा आहे, आणि ती करणार नाही. तिचा हट्ट मला ठाऊक आहे. तो माझ्यातही आलाय.

आईवडील उसावर असताना मी मामाकडं राहून शिकले. त्यामुळं अर्ज-बिर्ज हे काम आपोआप माझ्या अंगावर आलं. दसऱ्याला सगळे असताना वस्तीत बैठक बसवली. तरुण पोरांना थोर पुरुषाचं नाव हवं होतं. भाऊ म्हणाला, “त्या नावाची नगरं तालुक्यात किती हायेत ठावं हाय का? गाडी कुठल्या नगरात जायची?” त्यावर थोडी हमरीतुमरी झाली. मायचा हात गळ्यात अडकवलेला होता. ती म्हणाली, “टाक्याचा माळ म्हनत्यात त्येच लिवा की. नवं कशाला हुडकायचं?” कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही, आणि तेच ठरलं. सह्या झाल्या, अंगठे झाले, मी अर्ज देऊन पोचपावती घेतली.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. निघताना प्रत्येक घरची बाई आपल्या घराची किल्ली मायच्या हातात देते. तीही आमच्याकडची रीतच. माय नुसती किल्ल्या सांभाळत नाही. ती दर बाजारच्या दिवशी एकेक घर उघडते, झाडते, दार-खिडकी उघडी ठेवून वारं जाऊ देते आणि चुलीत दोन काटक्या पेटवून धूर करते. धुरानं वाळवी लागत नाही आणि उंदीर राहत नाहीत. नऊ घरं व्हायला तिला सकाळपासून दुपार होते. यासाठीच ती हात पुरता बरा नसताना माझ्या घरून उठून गेली. मी थांब म्हणाले तर उलट माझ्यावरच चिडली, किल्ल्या काय तुझा नवरा घेणार का, म्हणाली.

माझ्या अर्जाचं काय झालं ते विचारायला मी तीन वेळा सुट्टी काढून तालुक्याच्या ऑफिसला गेले. पहिल्यांदा साहेब मीटिंगला होते. दुसऱ्यांदा फाइल दुसऱ्या टेबलावर होती. तिसऱ्यांदा कारकून हसून म्हणाला, “मॅडम, तुमचं काम झालं. फाइल निकाली निघाली.”

“म्हणजे नाव मंजूर झालं?”

“नाही. निकाली निघाली.”

त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर ठिकाणी नऊ घरे आढळली, पैकी आठ कुलूपबंद. स्थानिक महिलेकडे चौकशी केली असता सदर ठिकाणी कोणीही राहत नसल्याचे तिने सांगितले. सबब वस्ती निर्जन असून नामकरणाची आवश्यकता दिसून येत नाही. खाली अंगठा. तो मायचा होता, नाव शेजारीच लिहिलेलं होतं.

मी कपाळाला हात लावला. “अहो, कुणीच राहत नाही तर अंगठा कुणाचा घेतला तुम्ही? भुताचा?”

“मी नाही घेतला. पाहणीला गेलते त्यांनी घेतला.”

“आणि नववं घर उघडं होतं ते?”

“उघडं घर म्हंजी राहतं घर असं काही नसतं, मॅडम.”

माझ्या डोक्यात ते लाल शाईतलं प्रकरण ताजं होतं, त्यामुळं मी त्याला सगळं बेट सांगितलं. म्हणाले, बघा, तिकडं पार पृथ्वीच्या टोकाला एक खडक आहे, तिथं कुणाचंच घर नाही, तरी त्याला नाव आहे, त्या नावासाठी दोन देश भांडले. इथं नऊ घरं आहेत, घरात भांडी आहेत, माणसं फक्त कामाला गेली आहेत. साहेब ऑफिसला आले की त्यांचं घर निर्जन होतं का? कारकुनानं सगळं मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाला, “त्या बेटाला ग्रामपंचायत कोणती लागते?” थट्टा करत होता की खरंच विचारत होता, मला अजून कळलेलं नाही.

तिथून मी तशीच वस्तीवर गेले. घाटात एसटी बंद पडली, शेवटचा तुकडा पायी चढले. त्यामुळं पोचेपर्यंत राग निवायच्या ऐवजी जास्तच चढला होता. माय चुलतीच्या घरात धूर करत बसली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी चुलीत फुंकत होती.

“कावून सांगितलंस गं कोणी राहत नाही म्हणून?” मी दारातूनच ओरडले.

माझ्या तोंडी गावची बोली फक्त भांडताना येते. तिनं मान वर केली, पण फुंकणी खाली ठेवली नाही.

“मग काय सांगू? मानसं कारखान्यावर गेलती. घरं बंद.”

“आणि तू? तू कोण हाईस?”

“म्या राखनीला हाय की. राखनीला आसनं म्हंजी काय राहनं न्हवं.”

“अगं, पण कागदावर अंगठा दिलास! आता नाव मिळायचं न्हाई. तुझ्यासाठी मी तीन-तीनदा सुट्ट्या काढून चपला झिजवल्या, आणि तू एका वाक्यात सगळं घालवलंस.”

तिनं काटक्या आत सारल्या. मग म्हणाली, “तुला राग लई येतो. ल्हानपनापसनंच.” आणि उठून मला भाकरी करायला गेली. भाकरीबरोबर ठेचा होता, दही होतं, मी रागात तीन भाकरी खाल्ल्या. ती समोर बसून माझ्याकडं बघत होती. तिला काहीतरी बोलायचं असावं असं तेव्हा एकदा वाटलं, पण मी विचारलं नाही, कारण मला माझंच बोलायचं होतं. मी तिला कायदा, यादी, पाटी, सगळं समजावून सांगितलं. ती हूं हूं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ऑफिस. या वेळी साहेब भेटले. शांत गृहस्थ. म्हणाले, फेरपाहणी करता येईल. मी म्हणाले, मग पाडव्यानंतर करा, तेव्हा सगळी माणसं परत आलेली असतील. ते म्हणाले, तसं चालणार नाही, मार्चअखेर प्रकरणं बंद होतात. पाहणी फेब्रुवारीतच होईल, आणि त्या दिवशी वस्ती राहती दिसली पाहिजे. म्हणजे ज्या महिन्यात वस्तीत माणूस नसतो नेमक्या त्याच महिन्यात माणूस दाखवायचा. मी एवढी वर्षं मुलांना ऋतू शिकवते, पण सरकारी ऋतू मला अजून उमगलेला नाही.

भावाला फोन लावला. त्याच्या मागं ट्रॅक्टरचा आवाज, कोयत्यांचा आवाज. “आक्का, एका दिसासाठी कसं येनार? मी आलो तर बायको एकटी पडती, मुकादम आमच्या जागी दुसरी जोडी लावतो. समदेच तसे अडकलेत. तू मायला शिकीव. ती शिकती.”

मग मी मायला शिकवायला बसले. दोन रविवार. मी साहेब व्हायची आणि विचारायची, “आजी, इथं कोण राहतं?” माय हसायची. तोंडाला पदर लावून हसायची आणि म्हणायची, “तू येडीच दिसतीस साहेब झाल्यावर.” मी चिडायची. पुन्हा विचारायची. ती म्हणायची, “राहत्यात की, पर गेलेत.” मी म्हणायची, “गेलेत हे नंतर सांग. आधी राहत्यात म्हण.” “राहत्यात.” “कोण राहतं?” “समदे.” “आणि तू?” इथं ती दर वेळी अडायची. “मी राहते” हे दोन शब्द तिच्या तोंडातून काही केल्या निघत नव्हते. माझ्या शाळेतल्या ढ पोरांना मी जेवढं बोललेली नाही तेवढं मायला बोलले. एकदा तर वही आपटली. ती गप उठून शेळीला पाला टाकायला गेली.

पाहणीच्या आदल्या दिवशी पुण्याहून निरोप आला, की बेटाची नोंद छपाईला गेली, सोबत रंगीत चित्रही आहे. मोजेवाल्याचं नाव आता मराठी मुलंसुद्धा पाठ करणार होती. मी अभिनंदनाला उत्तर दिलं नाही.

फेरपाहणीला आलेला माणूस तरुण होता. हातात टॅब, पाठीला सॅक, बुटांवर धूळ. गावात शिरल्यावर त्यानं मला दोनदा फोन करून रस्ता विचारला होता आणि दोन्ही वेळा आमच्या वस्तीचं जुनं नाव सहज उच्चारलं होतं. त्याच्या मनात काही नसावं. कागदावर जे होतं ते तो वाचत होता. तरी मी त्याला पाणी देताना तांब्या जरा जोरातच ठेवला.

मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सकाळपासून तिनं नऊही घरं उघडून ठेवली होती, सगळ्या अंगणांत सडा टाकला होता आणि सगळ्या चुलींत धूर केला होता. हे मी शिकवलेलं नव्हतं.

“आजी, इथं कोण राहतं?” त्यानं विचारलं.

माय म्हणाली, “मी ऱ्हाते.” एकदम खणखणीत. मग त्याला घेऊन ती घरोघर हिंडली. हे माझ्या दिराचं, ह्यात पाच मानसं, कारखान्यावर गेलेत, पाडव्याला येतील. ह्या घरात नवी सून हाय, तिचा हा रुखवताचा आरसा. ह्यांची म्हातारी औंदा बरोबर गेली, नातू सांभाळायला. एकेका घराचं कुलूप, किल्ली, माणसं, दाण्यांची कणगी, सगळं दाखवलं. शेवटी त्याला टाक्यापर्यंत वर नेलं आणि म्हणाली, “ह्याच्यावरनं नाव. टाक्याचा माळ. आमीच साफ करतो.” तो फोटो काढत होता, टॅबवर बोटं फिरवत होता. मी मागं मागं चालत होते आणि आतून नाचत होते. इतक्या दिवसांची चीड, ती लाल शाई, तो कारकून, सगळं वसूल झाल्यासारखं वाटत होतं.

खाली येऊन तो आमच्या ओट्यावर बसला. म्हणाला, “मॅडम, काही अडचण नाही. वस्ती राहती आहे असाच अहवाल देतो. नाव पुढच्या यादीत येईल.” मी त्याचे दोनदा आभार मानले. पहिल्यांदाच त्याला चहा विचारला.

चहा पिता पिता त्यानं सहज मायला विचारलं, “आजी, एवढं सगळं नीट सांगता येतं तुम्हाला. मग मागच्या वेळी कोणी राहत नाही असं का सांगितलं?”

“ती राखणीला असते ना,” मीच पुढं होऊन म्हणाले, “म्हणून तिला वाटलं...”

“तसं न्हाई,” माय म्हणाली. माझ्याकडं न बघता, त्याच्याकडं बघून, अगदी समजावून सांगितल्यासारखं. “हात मोडल्यावर म्या हिच्या घरी राहिलते. तवा हिच्याकडं शाळंतली मोठी मानसं यायची. इचारायची, तुमच्या गावाकडं कोण आसतं. ही म्हनायची, आता कोणी नाही तिकडं. दोन-तीन डाव म्हनली. म्या आतल्या खोलीत पलंगावर आसायची, ऐकू यायचं. ही शिकल्याली. मला वाटलं, लिवनाऱ्या मानसाला तसंच सांगायचं आसतं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती मला दोष देत नव्हती, आपली चूक कशी झाली ते सांगत होती. मला मात्र अंगावरचं कातडं कुणी ओढल्यासारखं झालं. मी खरंच तसं म्हणाले होते. दोन-तीनदा नाही, गेली पंधरा वर्षं म्हणत आले आहे. कारण कोण असतं याच्या मागोमाग कुठं असतं हा प्रश्न येतो, आणि मग वस्तीचं नाव सांगावं लागतं. ते टाळायला मी मायलाच पुसून टाकत होते, आणि ती भिंतीपलीकडं प्लास्टरमधला हात छातीशी धरून ऐकत होती. त्या दिवशी चुलीपाशी तिला हेच बोलायचं असेल. मी ओरडत होते म्हणून तिनं राखणीचं कारण पुढं केलं.

तो माणूस थोडा अवघडला. टॅबकडं बघत म्हणाला, “एक रकाना राहिलाय. पाहणीच्या वेळी हजर रहिवासी. आजी एक. मॅडम, तुम्हाला धरून दोन लिहू?”

मी तोंड उघडलं, पण काही बोलायच्या आत मायनं त्याच्या हातातला रिकामा कप घेतला.

“हिला नगा धरू,” ती म्हणाली. “ही हितं ऱ्हात न्हाई.”

त्यानं एक लिहिलं.